ट्यूनरचा ऑक्सिजन सेन्सर गेला, स्वस्तातला कोणता घ्यावा?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या ट्यून करून देतो. धुरातला ऑक्सिजन पाहून पेट्रोल आपोआप जुळवणाऱ्या ऑटो-ट्यून किटचा वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर वर्षभरात गेला. किटवाले नव्या सेन्सरचा जो भाव सांगून राहिले, तेवढ्यात गाडीची दोन्ही टायरं येतील. बाहेरचा सेन्सर चालेल का?

उत्तर : चालेल. खरं म्हणजे बहुतेक वेळा किटमधला सेन्सरही ‘बाहेरचा’च असतो. किट विकणारे सेन्सर सहसा स्वतः बनवत नाहीत. बहुतेक वाइडबँड कंट्रोलर (सेन्सर चालवून त्याचा आकडा दाखवणारा डबा) बॉशच्या एलएसयू ४.२ किंवा एलएसयू ४.९ या सेन्सरवर चालतात, काही एनटीकेच्या सेन्सरवर. जुना सेन्सर खोला आणि पाना बसतो त्या षटकोनाच्या आसपासची काजळी पुसा. धातूवर कोरलेला नंबर दिसेल. भाव किटच्या नावाने विचारू नका, या नंबराने विचारा. एलएसयू ४.९ मध्ये ट्यूनिंगवाल्यांकडे जास्त चालणारा नंबर ० २५८ ०१७ ०२५ आहे. नागपूर-अमरावतीत चौकशी करताना मोटरसायकलच्या स्पेअरवाल्याऐवजी कारच्या इंजेक्शनचे पार्ट ठेवणाऱ्याकडे जा, कारण हा माल मुळात कारचा आहे. एकाच जातीचा सेन्सर वेगवेगळ्या कारसाठी वेगळ्या लांबीच्या वायरीत आणि वेगळ्या कपलरमध्ये येतो. म्हणून जुन्याचा फोटो पाठवून कपलर जुळवूनच पार्सल मागवा.

४.२ आणि ४.९ एकमेकांच्या जागी लावता येत नाहीत. कंट्रोलर सेन्सरच्या आतल्या सेलचा रोध मोजून त्याचं तापमान धरून ठेवतो. ४.२ मध्ये हा रोध ८० ओहम धरलेला आहे, ४.९ मध्ये ३०० ओहम. चुकीची जोडी लावली की हीटर चुकीच्या तापमानावर चालतो आणि रीडिंगवर भरवसा राहत नाही. दोघांचे कपलर वेगळे आहेत. तरी काही मिस्त्री कपलर कापून वायरी पिळून जोडतात. असं करू नका. प्रत्येक सेन्सर कारखान्यात तपासून त्याच्या मापाचा रेझिस्टर कपलरच्या पोटात बसवलेला असतो. कपलर कापला म्हणजे त्या सेन्सरचं कॅलिब्रेशनच फेकून दिलं. वायर कमी पडत असेल तर कंट्रोलरच्या बाजूची एक्स्टेन्शन केबल घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी जुना खरंच मेला का ते पाहा. ४.९ मध्ये करड्या आणि पांढऱ्या वायरीवर हीटर असतो. थंड असताना मल्टिमीटरवर साधारण ३ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर हीटर तुटला, नवा घ्यावाच लागेल. ३ ओहम दिसत असतील तर आधी फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरी तपासा. गार सेन्सर तापताना चांगलाच करंट ओढतो. छोट्या गाडीची थकलेली बॅटरी तेवढ्यात खाली बसते आणि कंट्रोलर ‘सेन्सर खराब’ दाखवतो.

प्रश्न : ऑनलाइन तोच नंबर कोरलेला सेन्सर निम्म्याहून कमी भावात दिसतो. असली-नकली कसं ओळखावं? *(वाचक, मोर्शी)*

उत्तर : एलएसयू ४.९ च्या नकला भरपूर फिरतात आणि खोक्यावरून त्या ओळखू येत नाहीत. परतीची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि आल्याच्या दिवशीच तपासा.

पहिली तपासणी मोकळ्या हवेत. सेन्सर पाइपमध्ये न बसवता कंट्रोलरला जोडा. टोक कशाला टेकू देऊ नका, ते भाजण्याइतकं तापतं. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. कंट्रोलर ऑक्सिजनची टक्केवारी दाखवत असेल तर आकडा तिथे येऊन स्थिर राहायला हवा. हलत राहिला तर सेन्सर परत पाठवा.

दुसरी तपासणी गाडीवर, आणि आमच्या मते हीच खरी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीत कंपनीचा नॅरोबँड सेन्सर असतो, तो पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो. इंजिन पूर्ण गरम झालं आणि थ्रॉटल एका जागी धरला की गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिश्रण लॅम्डा १ च्या, म्हणजे हवा-पेट्रोल पूर्ण जळण्याच्या बरोबर प्रमाणाच्या, आसपास ठेवतो. कंपनीचा सेन्सर जागेवर ठेवून त्याच बेंड पाइपवर वेगळ्या बंगमध्ये (सेन्सरसाठी वेल्ड केलेल्या आट्याच्या बुशमध्ये) तुमचा वाइडबँड बसवा. तो ०.९८ ते १.०२ च्या मध्ये हलत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. ०.९० किंवा १.१० वर चिकटून बसला तर आधी सायलेन्सरची गळती बघा. गळती नसेल तर सेन्सर नकली तरी आहे किंवा मेलेला. खोटा ०.९० दाखवणारा सेन्सर लावून ट्यूनिंग केलं तर ऑटो-ट्यून त्या खोट्या आकड्यावर पेट्रोल कापत जातं. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात लीन (कमी पेट्रोलवर) चाललेलं इंजिन गिऱ्हाइकाचा पिस्टन घेऊन बसेल.

प्रश्न : गाडीचाच चार वायरींचा सेन्सर गेला आहे. चेक इंजिन लाइट लागतो, ॲव्हरेज पडला. कारचा युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त मिळतो. लावू का? *(वाचक, कारंजा)*

उत्तर : आधी आटे मोजा. कारचे सेन्सर सहसा १८ मिलिमीटर, १.५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) असतात, मोटरसायकलचे बरेचसे १२ मिलिमीटर, १.२५ पिचचे. भोक मोठं करून किंवा बुश वेल्ड करून मोठा सेन्सर बसवला की त्याचं टोक लहान पाइपची वाट अडवतं. तुमच्या आट्याचा, तितक्याच वायरींचा मोटरसायकलचाच पर्यायी सेन्सर शोधा.

वायरींचे रंग कंपनीनुसार बदलतात. बॉश आणि एनटीकेमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नल अर्थची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. रंगाला रंग जोडला तर बारा व्होल्ट सिग्नलवर जातील, आणि सेन्सर तर जाईलच, ईसीयूही जाऊ शकतो. जोड सोल्डर करू नका, क्रिंप करा. झिर्कोनियाचे (एक प्रकारचं सिरॅमिक) बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात. सोल्डर, ग्रीस किंवा गंज काढायचा स्प्रे ती वाट बुजवतो. काळ्या मातीचा चिखल कपलरमध्ये शिरला तरी तेच होतं. पावसाळ्याआधी कपलर वर उचलून टायने बांधा.

तपासायला मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. गरम इंजिनवर सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्ट सतत वरखाली व्हायला हवा. सिग्नलच्या वायरीवर ओहम मात्र मोजू नका, सेन्सर बिघडू शकतो.

प्रश्न : सेन्सर वारंवार का जातात? दोन वर्षांत तीन झाले. *(वाचक, वरोरा)*

उत्तर : सेन्सर काढून टोक पाहा. पांढरी, चुन्यासारखी पूड दिसली तर कोणीतरी सायलेन्सरच्या किंवा हेडच्या पॅकिंगला साधी सिलिकॉन पेस्ट लावली आहे. तिची वाफ टोकावर काचेसारखी बसते आणि सेन्सर पुन्हा जिवंत होत नाही. तेलकट तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल पितं, आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघा. नुसती कोरडी काजळी असेल तर मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, आहे. ही एकच गोष्ट मिश्रण दुरुस्त करून गाडी चालवल्यावर जळून जाऊ शकते. पेट्रोलमध्ये बुडवून किंवा घासून टोक साफ होत नाही.

बंग सेन्सरचं टोक खाली झुकेल असा बसवा, आडव्या रेषेपासून किमान १० अंश. नाहीतर सकाळच्या गार पाइपमधलं पाणी टोकात साठतं आणि तापल्यावर सिरॅमिक तडकतं. गरम गाडी नाल्याच्या पाण्यात घातली तरी तोच धोका. ट्यूनिंग झाल्यावर वाइडबँडची वायर काढून सेन्सर पाइपमध्येच ठेवायची सवय बऱ्याच गॅरेजांत दिसते. हीटर बंद असताना त्यावर काजळी साचते आणि पुढच्या गाडीला तो चुकीचं सांगतो. काम झालं की सेन्सर काढा, बंगला प्लग लावा.

प्रश्न : ई-२० पेट्रोलवर हवा-पेट्रोलचं मीटर १३.५ ला ठेवायचं का? *(वाचक, पुसद)*

उत्तर : नाही. ई-२० च्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १३.५ भाग हवा लागते, हे खरं. पण सेन्सर लॅम्डा मोजतो आणि मीटर त्याला साध्या पेट्रोलच्या १४.७ ने गुणून दाखवतं. इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ ला साध्या मीटरवर १४.७ च दिसेल. त्यावर १३.५ धरलंत तर प्रत्यक्षात लॅम्डा ०.९२ होतो आणि क्रूझवर (एकसारख्या वेगात) फुकटचं पेट्रोल जळतं. मीटर लॅम्डावर टाका आणि त्याच आकड्यांत काम करा.