चाक लहान करावे की मोठे?

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेसाठी गाडी बनवीत आहोत. गेल्या वर्षीच्या गाडीला 13 इंची रिम होत्या. यंदा 10 इंची बसवाव्यात, असे संघातील काहींचे मत आहे. फॉर्म्युला वनने मात्र 2022 मध्ये 13 इंचांवरून थेट 18 इंच गाठले. मग आम्ही उलट दिशेने जावे काय? रिम बदलल्यास गाडीत आणखी काय बदलावे लागेल?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फॉर्म्युला वनचा दाखला तुम्हाला लागू पडत नाही, कारण तेथील बदल मुळात वेगासाठी झालाच नव्हता. रस्त्यावरच्या मोटारींचे रिम मोठे आणि टायर बसके होत गेले, तेव्हा शर्यतीतले टायरही त्यांच्याशी मिळतेजुळते असावेत, ही टायर उद्योगाची इच्छा होती. परिणाम मात्र साऱ्या गाडीवर झाले. जुन्या टायरचा बाह्य व्यास सुमारे 670 मि.मी. होता, नव्याचा 720 मि.मी. झाला, रिमचा व्यास वजा केल्यास टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे 170 मि.मी.वरून 131 मि.मी.वर आल्याचे दिसते. ही भिंत दबते आणि पूर्ववत होते, म्हणजे ती एक स्प्रिंगच असते. भिंत उंच होती तोवर सस्पेन्शनचे बरेचसे काम टायरच परस्पर उरकत असे, आणि ती आखूड होताच ते काम पुन्हा स्प्रिंग व डॅम्परकडे (स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या भागाकडे) आले. वळणावर टायर फुगून बाजूची हवा विस्कटते, तोही प्रकार कमी झाला, त्यामुळे वायुगतिकीच्या अभियंत्यांना टायरमागच्या प्रवाहाचा अंदाज बांधणे सोपे गेले. रिमच्या आत जागा वाढल्याने पुढच्या ब्रेक डिस्कचा व्यास 278 मि.मी.वरून सुमारे 330 मि.मी.पर्यंत नेता आला. किंमत मोजावी लागली ती वजनात : गाडीचे किमान वजन 752 किलोंवरून 798 किलोंवर गेले, आणि त्याच्या कारणांत नवी चाके व टायर हेही होते.

तुमच्या स्पर्धेत वेग कमी आणि वळणे आवळ असतात. स्किडपॅडच्या, म्हणजे गाडी गोल फिरवण्याच्या चाचणीच्या, आतल्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 15.25 मीटर असतो. तेथे हलके, लवकर फिरणारे आणि लवकर थांबणारे चाक हवे, म्हणून 10 इंचांचा आग्रह मला रास्त वाटतो. नियमांतील 8 इंचांची किमान अटही तो सहज पाळतो.

परंतु नुसती रिम बदलून भागणार नाही. उदाहरणादाखल, 13 इंची रिमवरील टायरचा बाह्य व्यास 20.5 इंच आणि 10 इंचीवरील 16 इंच धरला, तर चाकाचा मध्य सुमारे 57 मि.मी. खाली येतो, जुनेच अपराइट (चाक ज्यावर बसते तो उभा भाग) आणि विशबोन (त्याला चॅसीशी जोडणारे दांडे) ठेवल्यास चॅसीही तितकीच खाली बसून जमिनीला घासेल. म्हणून सस्पेन्शनची भूमिती पुन्हा आखूनच अपराइट कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) काढायला द्यावेत. लहान चाक एका फेऱ्यात कमी अंतर कापते, म्हणून गिअरिंगही बदलते : मागे 46 दातांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) असेल, तर तोच हिशेब राखण्यासाठी सुमारे 36 दातांचे लागेल. मागचे स्प्रॉकेट असे लहान झाले की तेही हलके होते, हा वरचा नफा समजावा.

खरी अडचण ब्रेकची आहे. 10 इंची रिमच्या पोटात डिस्क, कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) आणि अपराइट बसवताना जागा फार अपुरी पडते. रिम मागविण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो प्रत्यक्ष कॅलिपरवर फिरवून पाहावा. संगणकावरील आराखड्यात ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढण्याची तोटी) आणि ब्रेकची नळी काढायची हमखास राहून जाते.

टायरच्या पुरवठ्याचाही विचार आधीच व्हावा. पुढे 10 इंची चार चाके लावलेल्या सहाचाकी टायरेल पी34 ने 1976 मध्ये स्वीडनची शर्यत पहिल्या दोन क्रमांकांनी जिंकली. पण तेवढे लहान टायर दुसरे कोणीच वापरीत नसल्याने त्यांचा विकास मागे पडला, आणि गाडीचा टिकाव लागला नाही. तुमच्या बाबतीत 10 इंची टायर अनेक संघ वापरतात, तरी ते आयात करावे लागणार असतील तर त्यांची मागणी अपराइटच्या आराखड्याबरोबरच नोंदवावी. स्पर्धेला किती महिने उरले आहेत, हे तुमच्या पत्रात नाही. नव्या अपराइटवर गाडी चालवून पाहण्यास निदान दोन महिने मिळणार नसतील, तर यंदा 13 इंचीच ठेवा आणि तो वेळ चालकाच्या सरावाला द्या.