नरक्याला 'अमृता' म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: सह्याद्रीतल्या 'नरक्या' या झाडाच्या नावात नरक कुठून आला? आणि हल्ली बरेच जण लिहितात तसं त्याला 'अमृता' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हे वाचून वाचून वीट आलाय. चालणार नाही. अमृता म्हणजे गुळवेल. गुळवेलीचा काढा लोक घरी करून पितात. नरक्यातलं द्रव्य विषारी आहे. नाव गोड करण्याच्या हौसेपायी दोन्ही एका नावाखाली आणणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

आता नरक. 'खाल्लं तर नरकात जाल म्हणून नरक्या' ही व्युत्पत्ती मला अजिबात पटत नाही. मराठीत नरकाचा दुसरा अर्थ मैला, विष्ठा. माझी आजी मोरीतल्या घाणीला 'नरक' म्हणायची, यमलोकाशी तिचा काही संबंध नसायचा. या 'नरक' शब्दाला 'ते ज्याच्यापाशी आहे तो' असं सांगणारा आपला '-या' लागला, ढेरी-ढेऱ्या, गोंधळ-गोंधळ्या तसा. म्हणजे नरक्या हा सरळ घाण मारणारा. पावसाळ्यात आंबोलीच्या रानात फुललेली फांदी नाकाशी धरून पाहिली आहे. पिवळट पांढरी, आतून मखमलीसारखी लव असलेली इवलीशी फुलं, आणि वास असा की फांदी लगेच लांब धरावी लागते. याच झाडाचं दुसरं मराठी नाव 'घाणेरा' आहे. आणखी पुरावा कशाला हवा?

लॅटिन नावातही पूर्वी 'फीटिडा', म्हणजे दुर्गंधी, असंच होतं. पण ग्रॅहमच्या १८३९च्या मुंबईच्या वनस्पतीसूचीतलं 'निम्मोनियाना' आधीचं ठरलं, म्हणून तेच आता चालतं. नियम म्हणून ठीक; पण निम्मोसाहेबांच्या नावावरून रानात कुणाला झाड ओळखता येणार? या बाबतीत वनस्पतीशास्त्रज्ञांपेक्षा आपले रानातले लोक अचूक आहेत.

खरी गंमत पुढे आहे. चीनमध्ये 'शी-शू' म्हणून एक झाड आहे, अर्थ आनंदवृक्ष. त्यातलं कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली अमेरिकेत जगापुढे आणलं. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा. १९७२मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. द्रव्य एकच, तिकडे आनंद आणि इकडे नरक! मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं इरिनोटेकान या कॅम्प्टोथेसिनपासूनच तयार झालं.

या द्रव्याच्या मागणीपायी सदाहरित रानांतला नरक्या बुंध्यापासून तोडला गेला, ढलप्या करून पोत्यांत भरून गेला, आणि आज तो धोक्यात आहे. तस्करीच्या बातमीत 'अमृता' छापलं तर रानालगतच्या गावातल्या वाचकाला कळणारही नाही की चोरी त्याच्या घाणेऱ्याची झाली आहे.