चिनी भांड्यांवरचे पक्षी-फुलं: सुरुवात करणाऱ्यासाठी

अरे वा, आलास या नादात! सगळी चिन्हं पाठ करायला बसू नकोस, कंटाळशील. आधी एकच गोष्ट डोक्यात बसव, यातली बरीच चित्रं म्हणजे शब्दांचा खेळ आहे. मॅगपाय पक्षी प्लमच्या फांदीवर बसलेला दिसेल, त्या पक्ष्याच्या चिनी नावात 'शी' म्हणजे आनंद, आणि प्लमला 'मेइ', जो उच्चार भुवईचाही आहे, म्हणून अख्ख्या चित्राचा अर्थ आनंद भुवयांपर्यंत पोचला, चेहरा खुलला! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती बशी तासभर हातातून सोडली नव्हती.

म्हणून पक्षी आणि फूल एकत्र दिसले तर जोडीनेच वाच. सुरुवातीला एवढंच पुरे:
- बगळा आणि कमळ: परीक्षांमध्ये ओळीने यश
- मँडरिन बदकांची जोडी: सुखी संसार
- करकोचा आणि पाइन: दीर्घायुष्य
- पिओनीचं फूल: श्रीमंती, मान

आता नवशिक्यांची नेहमीची चूक. तळाशी कांगशी या चिनी सम्राटाचा (१६६२-१७२२) शिक्का दिसला की भांडं त्याच काळातलं समजतात. नाही रे, तो शिक्का १९व्या शतकातही सर्रास मारायचे, आदर म्हणूनही. आणि चित्राच्या अर्थावरून वय कळत नाही, हीच चित्रं आजही काढतात.

वरचे रंग, सोनेरी रेघ घासू नकोस, निघते.

मुंबईत असशील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा चिनी संग्रह बघून ये, वही घेऊन जा. ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) आणि रंगांचं नंतर बोलू.