१ लाख ६० हजारांचा मायक्रोफोन संच : एफडी मोडू की हप्त्यांवर घेऊ?

चिपळूणचे एक शिक्षक विचारतात : मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज टिपतो. आता पॅराबोलिक ताटलीचा (दुरून येणारा आवाज एका बिंदूवर गोळा करणाऱ्या खोलगट ताटलीचा) मायक्रोफोन आणि रेकॉर्डर हवा आहे, १ लाख ६० हजारांचा. एफडी मोडू की १२ महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय' घेऊ? पुढे हे आवाज विकताही येतील. पत्नीला मात्र हे खूळ वाटतं.

खूळ अजिबात नाही. पण तुमच्याच आकड्यांत ते बसत नाही. पगार ५८,००० रुपये. घरखर्च ३०,०००, गृहकर्जाचा हप्ता १८,०००, एसआयपी ४,०००. उरतात ६,०००. नवा हप्ता १३,३३३ रुपयांचा. एसआयपी थांबवली तरी दरमहा ३,३३३ कमीच पडणार. शिवाय 'नो कॉस्ट' हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बसतो, प्रक्रिया शुल्क बहुधा वेगळं, आणि रोखीवर मिळाली असती ती सूट हातची जाते.

एफडीला हात लावू नका. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा; घरखर्च आणि कर्जहप्ता मिळून त्याचे २ लाख ८८ हजार होतात; तुमची एफडी अडीच लाखांची. म्हणजे ती आधीच ३८ हजारांनी तोकडी आहे.

विक्रीचं म्हणाल, तर त्या रकान्यात शून्य लिहा. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर जगभरचे हौशी लोक आपली ध्वनिमुद्रणं मोफत चढवतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून मॅकॉले लायब्ररी या ध्वनिसंग्रहात आवाज जातो, त्याचेही पैसे मिळत नाहीत. तिथे जरूर द्या, फक्त त्या भरवशावर कर्ज काढू नका.

मुळात ही ताटली तुम्हाला आत्ता हवी आहे का? अर्ध्या मीटरची ताटली साधारण ७०० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला फारशी मदत करत नाही; भारद्वाजाचा घुमणारा हुंकार तिथेच येतो. आणि उघड्यावर पक्ष्यापासूनचं अंतर निम्मं केलंत की आवाज ६ डेसिबलने वाढतो, तेही फुकटात. पहाटे रस्ता जागा होण्याआधी, झऱ्यापासून दूर उभं राहिल्याने जितका फरक पडतो तितका महागड्या मायक्रोफोननेही पडेलच असं नाही. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप मोफत आहे, त्यातलं मुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात साठतं. तूर्त तेवढं पुरे.

डिसेंबरपासून ३,००० रुपयांची आरडी लावा. मेअखेर १८,००० आणि वर थोडं व्याज जमेल. त्यात साधा हँडी रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, हेडफोन आणि सिलिका जेल बसवा. सिलिका जेल विसरू नका. कोकणातल्या पावसाळी दमटपणात उपकरणं लवकर खराब होतात. नवरंग पक्षी येण्याच्या आणि शीळकरी कस्तूर गाऊ लागण्याच्या सुमारास रेकॉर्डर हातात असेल. उरलेले ३,००० एफडीची तूट भरायला. ती तेरा महिन्यांत भरते.

त्यानंतर मोठ्या मायक्रोफोनचा विचार करा, तोही सेकंड हँड आधी बघून. दोन पावसाळे नियमित मुद्रण झालं असेल, तर मी स्वतः हो म्हणेन. हा हिशेब पत्नीसोबत बसून करा. आकड्यांपुरतं तरी त्यांचं बरोबर आहे.