गाण्यांमधला कोणता सॅक्सोफोन लक्षात राहतो, आणि तो वाजवताना नेमकं कुठे अडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पॉप आणि रॉक गाण्यांतले गाजलेले सॅक्सोफोनचे तुकडे कोणते, आणि वर्षभर शिकलेल्या माणसाने त्यातला कोणता आधी हातात घ्यावा. नुसती यादी कुठेही मिळेल, पण तिचा दुसऱ्या प्रश्नाला उपयोग नाही, कारण यातले बरेच तुकडे बोटांना सोपे आणि श्वासाला अवघड आहेत. म्हणून गाणं निवडताना ते फुंकेकडून काय मागतं हे मी आधी बघतो.

'बेकर स्ट्रीट'पासून सुरुवात करतो. जेरी रॅफर्टीचं हे १९७८ चं गाणं, सॅक्सोफोन राफेल रेव्हन्सक्रॉफ्टचा, आल्टो (सॅक्सोफोनचा लहान, चढ्या आवाजाचा प्रकार; टेनर त्याहून मोठा आणि खालच्या आवाजाचा). या गाण्याला शब्दांचं धृपद नाही. कडवं संपून जिथे धृपद यायचं तिथे दर वेळी सॅक्सोफोन येतो. रॅफर्टीच्या आधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणात हीच धून इलेक्ट्रिक गिटारवर आहे. ती मिळाली तर जरूर ऐका. धून तीच असूनही परिणाम कितीतरी फिका वाटतो. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून उतरायला लागतो. सॅक्सोफोनचा लांब स्वर मात्र मध्येच फुगवता येतो, शेवटी सोडून देता येतो, एखादा गायक आलाप धरतो तसा. इथे वाजवायची गोष्ट तीच आहे. नुसते स्वर पाठ करून तो तुकडा उभा राहत नाही.

त्या ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोन किंचित उतरलेला आहे, आणि ते आपल्याला खटकतं असं रेव्हन्सक्रॉफ्टने स्वतःच नंतर सांगितलं होतं. तुमचाही स्वर उतरत असेल तर दोन गोष्टी तपासा. थंड वाद्य खाली बोलतं, म्हणून पाचेक मिनिटं वाजवून ते गरम झाल्याशिवाय सूर जुळवू नका. दुसरं, सॅक्सोफोनवर फुंक जोरात गेली की स्वर खाली सरकतो, हळू वाजवलं की वर चढतो. तेव्हा ज्या जोराने तुकडा वाजवणार आहात त्याच जोरात सूर लावा. आणि सूर साथीच्या पियानोशी जुळवा, ध्वनिमुद्रणातल्या सॅक्सोफोनशी नको.

आता पट्टीचा घोळ, कारण बहुतेक जण इथेच हात टेकतात. सॅक्सोफोनवर लिहिलेला सी वाजवला की टेनरवर बी फ्लॅट ऐकू येतो आणि आल्टोवर ई फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला, शार्प म्हणजे अर्धा स्वर चढलेला). म्हणून गाण्याच्या मूळ पट्टीत टेनरसाठी दोन शार्प वाढतात, आल्टोसाठी तीन (मूळ पट्टीत फ्लॅट असतील तर तेवढे फ्लॅट कमी होतात). 'बेकर स्ट्रीट'चा तुकडा डी मेजरमध्ये, म्हणजे आल्टोवर बी मेजर, पाच शार्प. रॉक गाणी गिटारला सोयीच्या ई, ए, डी या पट्ट्यांत रचलेली असतात आणि सॅक्सोफोनवाल्याच्या वाट्याला शार्पांची रांग येते. गाणं अवघड वाटलं की आधी हा हिशोब करा. पुष्कळदा अडचण धुनेत नसते, पट्टीत असते.

याच हिशोबाने सुरुवातीची निवड सोपी होते. टेनर असेल तर 'ब्राउन शुगर', रोलिंग स्टोन्स, १९७१, वाजवणारा बॉबी कीज. गाणं सी मेजरमध्ये, म्हणजे टेनरवर डी मेजर, दोनच शार्प. आल्टो असेल तर सुपरट्रॅम्पचं १९७९ चं 'द लॉजिकल साँग', वादक जॉन हेलिवेल. ते सी मायनरमध्ये आहे, आल्टोवर सरळ ए मायनर, एकही शार्प-फ्लॅट नाही.

'ब्राउन शुगर'मध्ये स्वर थोडे आहेत, पण आवाज खरखरीत हवा. त्याला ग्राउल म्हणतात. फुंकतानाच घशातून गुणगुणायचं. घशातला स्वर वाद्यातल्या स्वराहून वेगळा हवा, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासतात आणि खरखर तयार होते. नेमका तोच स्वर गुणगुणलात तर फारसं काहीच होत नाही, आणि नवशिक्यांची चूक बहुधा हीच असते. आधी मधल्या सप्तकातला जी धरा आणि घशातून त्याच्या वर-खाली फिरत राहा, कुठेतरी आवाज एकदम फाटल्यासारखा होईल. घसा दुखायला लागला तर तिथेच थांबा. आणि सबंध सोलोभर ग्राउल करू नका, ओळीतल्या एखाद-दोन स्वरांवरच तो शोभतो.

'केअरलेस व्हिस्पर' (जॉर्ज मायकल, १९८४) सगळ्यांना आधी हवं असतं, पण ते पहिल्या वर्षात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाणं डी मायनरमध्ये. डी ला सा धरा, म्हणजे पहिले चार स्वर येतात तार रे, तार सा, प, कोमल ग. सुरुवात सा वर नाही, रे वर आहे. तो रे ताणलेला राहतो आणि सा वर उतरतो, सगळी हुरहुर त्या उतरण्यात आहे. टेनरवर हे स्वर एफ शार्प, ई, बी, जी. हा एफ शार्प वाद्याच्या अगदी टोकाचा, आणि बऱ्याच जुन्या टेनरना त्याची चावीच नसते. मूळ वादक स्टीव्ह ग्रेगरीच्या टेनरलाही ती नव्हती. म्हणून टेप हळू करून गाणं अर्धा स्वर खाली आणलं, त्याने तिथे वाजवलं, मग टेप पूर्ववत वेगाने चालवली. अर्ध्या स्वरासाठी वेग सुमारे ६ टक्के कमी करावा लागतो. टेप पुन्हा मूळ वेगाला आली की वाद्याचा नादही थोडा हलका होतो, म्हणून कित्येकांना तो आल्टो वाटतो.

आल्टोवर तोच पहिला स्वर सी शार्प. तिथे ऑक्टेव्ह की (स्वर सप्तकभर वर नेणारी चावी) सोडून काहीच दाबलेलं नसतं, त्यामुळे तो स्वर वर पळतो आणि पोकळ वाटतो. ओठांची पकड सैल ठेवा, जबडा किंचित खाली, हवा मात्र तेवढ्याच वेगाने. उंच स्वराला घाबरून रीड (तोंडाशी कंपणारी वेताची पातळ काडी) चावली की स्वर बारीक होतो आणि आणखी चढतो.

पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) ताल पक्का असेल तरच घ्या. डिक पॅरीचा टेनर सोलो सात मात्रांवर आहे, आणि त्यानंतरचा गिटारचा सोलो चार मात्रांवर जातो. रूपकात वावरलेल्या कानाला सात मात्रा नव्या नाहीत, पण इथे रूपकाचे ३-२-२ असे विभाग शोधत बसू नका. बासची धून पाठ करा, आठवडाभर तिच्यावर फक्त टाळी द्या, मग वाद्य उचला. चूक होते ती अशी की वादक नकळत आठवी मात्रा भरून टाकतो आणि पुढचं सगळं एकाने सरकतं. बी मायनर आहे, टेनरवर सी शार्प मायनर.

फॉरेनरच्या 'अर्जंट'मध्ये (१९८१) ज्युनियर वॉकर नेहमीच्या चाव्यांच्या पलीकडचे स्वर किंचाळवतो. तिथे पोचायची वाट खालून आहे. सर्वांत खालच्या बी फ्लॅटची बोटं धरा आणि ती न हलवता, फक्त घशाचा आणि जिभेचा आकार बदलून, वरचा बी फ्लॅट, मग एफ, मग त्यावरचा बी फ्लॅट आणि डी काढा. रोज १० मिनिटं पुरतात, पण काही महिने लागतात. नुसत्या बोटांच्या तक्त्यावरून हे स्वर येत नाहीत.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'जंगललँड'मधला (१९७५) क्लॅरेन्स क्लेमन्सचा सोलो दोन मिनिटांहून मोठा आहे, आणि तो स्प्रिंगस्टीनच्या सूचनांनुसार ओळ-ओळ घासत सुमारे १६ तासांत तयार झाला. तो उत्स्फूर्त वाटतो, म्हणून शिकायला फार मोलाचा. आधी तो तोंडाने गाऊन घ्या, श्वास कुठे घेतलाय तिथे पेन्सिलने खुणा करा, मगच वाजवा. बॅरिटोन (टेनरहूनही मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन) मिळाला तर लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'चा (१९७२) शेवट बघा. वाजवणारा रॉनी रॉस, ज्याच्याकडे डेव्हिड बोवी लहानपणी सॅक्सोफोन शिकला होता. तिथे जोर अजिबात लावायचा नाही, मायक्रोफोनशी बोलल्यासारखं वाजवायचं.

स्वतःचं ध्वनिमुद्रण करून मूळ तुकड्याशी ताडून बघा, पण मायक्रोफोन भोंग्याच्या तोंडात घालू नका. सॅक्सोफोनचा आवाज उघड्या छिद्रांतूनही बाहेर पडतो. भोंग्यापाशी फक्त खालचे दोन-तीन स्वर दणदणतात आणि मधले पातळ ऐकू येतात. ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावर, डाव्या हाताच्या बोटांच्या आणि भोंग्याच्या मधोमध रोखलेला मायक्रोफोन सगळे स्वर सारखे पकडतो. 'केअरलेस व्हिस्पर'ची टेपची युक्ती करायची असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय निवडा. स्वर तोच ठेवून नुसता वेग बदलणाऱ्या पर्यायाने गाणं अर्धा स्वर खाली येणारच नाही.