विद्यापीठात संकट आले की निर्णय नेमके कोण घेते?

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांपुरते सांगायचे तर 2016च्या विद्यापीठ कायद्याने हा अधिकार कुलगुरूंना दिला आहे. तातडीच्या प्रसंगी कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन परिषदेची वा शैक्षणिक बाबी ठरवणाऱ्या विद्या परिषदेची बैठक होईपर्यंत न थांबता त्यांना कृती करता येते, मात्र ती का केली हे नंतर संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवावे लागते. प्रत्यक्षात काय होते, ते मुंबई विद्यापीठाने 2017 साली दाखवले. उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आल्याने निकाल रखडले, आणि राज्यपालांनी कुलपती या नात्याने दिलेली 31 जुलैची मुदतही टळली. प्राध्यापकांना तासांवरून काढून पडद्यासमोर बसवावे लागले आणि परदेशी प्रवेश घेतलेले विद्यार्थी गुणपत्रिकेसाठी ताटकळले. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना रजेवर जावे लागले, कार्यभार शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे आला (एकाच माणसाकडे कोल्हापूर आणि मुंबई!), आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी देशमुखांना पदावरून दूर केले. माझ्या मते खरी उणीव अधिकारांची नव्हती. परीक्षा विभागाला पर्यायी व्यवस्था आधीच ठरवून दिलेली नव्हती.