साठातले सतरा

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सेकंड पीयू सायन्स, म्हणजे बारावी. बोर्डाचा गणिताचा पेपर बरा गेला. सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, पाच आठवडे उरलेत आणि सराव पेपरात गणितात ६० पैकी १७ पडतात. वेळच पुरत नाही, २२ प्रश्न कोरे राहतात. क्लासचे सर म्हणतात, सगळा पोर्शन परत कर. बेळगावला जाण्यायेण्यातच अडीच तास जातात. एवढ्या दिवसांत मार्क वाढतील काय?

उत्तर : वाढतील की. पण आधी तुझे हे सतरा नीट बघूया.

२२ कोरे म्हणजे तू ३८ सोडवलेस. त्यात १७ बरोबर, २१ चूक. आता गंमत बघ. कर्नाटकाच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. चार पर्यायांतला एक डोळे मिटून काळा केला तरी चारात एक बरोबर येण्याची शक्यता असते. म्हणजे त्या २२ कोऱ्या गोळ्यांत सरासरी पाच-साडेपाच मार्क तू हॉलमध्ये टाकून येतोस. एक अक्षर न शिकता २२ च्या आसपास जाता आलं असतं. जेईई मेनमध्ये चूक उत्तराला एक मार्क जातो, तिथली ‘नक्की असेल तरच लिही’ ही सवय पोरं इथे घेऊन येतात.

आता ते २१ चुकलेले. पेपर काढ आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीनं एक खूण कर : ‘भा’, ‘हि’ किंवा ‘ये’. भाषा कळली नाही, हिशेब चुकला, किंवा येतच नाही. खरं लिही, कोण बघणार आहे! ‘ये’ कमी आणि ‘भा’ जास्त निघाले तर मला नवल वाटणार नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मीही येळ्ळूरची, मराठी शाळेतली. लंब मला कळायचा, पर्पेंडिक्युलर म्हटलं की घशाला कोरड. पीयूच्या परीक्षेत ‘ॲट मोस्ट वन’ला ‘कमीत कमी एक’ समजून मी संभाव्यतेचं पूर्ण गणित सुंदर अक्षरात चुकीचं सोडवून आले. तीन नाणी उडवली तर कमीत कमी एक छापा येण्याची संभाव्यता सात अष्टमांश, जास्तीत जास्त एक छापा येण्याची एक द्वितीयांश. दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवलेली असतातच, पेपर काढणारे काय भोळे असतात? तेव्हा एक दोनशे पानी वही कर, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तुझा मराठी. कोलिनिअर म्हणजे एकरेषीय, को-प्लॅनर म्हणजे एकाच प्रतलातले. डिस्टिंक्ट, नॉन-झिरो, रिस्पेक्टिव्हली, आणि तो छोटासा ‘नॉट’. प्रश्न वाचताना असल्या शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय आकडेमोड सुरूच करायची नाही.

सगळा पोर्शन परत करायचा सल्ला मला पटत नाही. नऊ महिन्यांत जे झालं नाही ते पाच आठवड्यांत काय होणार? मॅट्रिक्स आणि डिटरमिनंट, व्हेक्टर, थ्री-डी, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी, इन्व्हर्स ट्रिग्नॉमेट्री, एवढं आधी पक्कं कर. यातले बरेच प्रश्न एका सूत्रात सुटतात. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ५ असेल तर तिच्या ॲडजॉइंटचा २५, आणि मॅट्रिक्सला २ नं गुणलं तर ४०. दहा सेकंदांचं काम. फर्स्ट पीयूमधलं बायनॉमिअल, सीक्वेन्स आणि सरळ रेषा घे. कोनिक्सला वेळ उरला तर हात लाव.

इंटिग्रेशनला भिऊ नकोस, तिथे उलटं चालायचं. पर्यायांचं डिफरन्सिएशन करून बघ, कोणता मूळ फंक्शन देतो ते. बेरजेच्या सूत्राचा प्रश्न असेल तर एनच्या जागी १ आणि २ घालून पर्याय गाळ. उणे एक ते एक या मर्यादांत एक्स क्यूब कॉस एक्स आला तर पेनच उचलू नकोस. फंक्शन ऑड म्हणजे विषम, उत्तर शून्य. बोर्डाच्या पेपरात याला कुणी मार्क देणार नाही, इथे पायऱ्या कोण विचारतंय?

वेळ ८० मिनिटं, प्रश्न ६०. एकाला ८० सेकंद. पण सगळ्यांना सारखे देऊ नकोस. पहिल्या फेरीत अर्ध्या मिनिटात पहिली ओळ सुचली नाही तर पुढे जा. पन्नास मिनिटांत ही फेरी संपव, मग मागे ये, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त कोऱ्या गोळ्यांसाठी ठेव. एक धोका : प्रश्न सोडून पुढे गेलास की ओएमआरवरचा, म्हणजे गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेवरचा, नंबरही सोडायचा असतो. एक ओळ घसरली की खालचं सगळं घसरतं.

क्लासला रोज जाऊ नकोस, फक्त टेस्टच्या दिवशी जा. त्या बसमध्ये उभं राहून कुणी गणित शिकल्याचं मी बघितलं नाही. वाचलेल्या अडीच तासांत घड्याळ लावून एक पेपर होतो, आणि तो तपासूनही होतो. पन्नासचं स्वप्न मी दाखवणार नाही. तिशीला पोचलास तर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जोरावर रँक सुधारेल, आणि रँकमध्ये बोर्डाचे मार्क निम्मे धरतात, तो पेपर तुझा बरा गेलाच आहे.

प्रश्न : मुलगा निपाणीत सेकंड पीयूला आहे. महाराष्ट्राची सीईटीही द्यावी काय? वेगळा अभ्यास लागतो काय? – एक पालक

उत्तर : द्यावी. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘ई’ प्रकार आहे, त्याची कागदपत्रं यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघून आत्ताच गोळा करा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, आणि इथेही मार्क कापत नाहीत. पण तिथल्या बारावीला मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन आहे, ते आपल्या पीयूच्या पुस्तकात मिळणार नाही. महाराष्ट्र बोर्डाचं पुस्तक कागलकडच्या एखाद्या नातेवाइकाकडून मागवा. लॉजिक चार संध्याकाळचं काम आहे, निदान तेवढं तरी त्याच्याकडून करून घ्या.